जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत लवकर कशी ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जठराचा कर्करोग काढण्याची शस्त्रक्रिया पार पडली की नातेवाइकांना वाटते, मोठे संकट टळले. शल्यचिकित्सकाची खरी काळजी मात्र पुढचे आठ-दहा दिवस चालू राहते. रोज रक्त का काढतात, पोटातल्या नळीतून येणाऱ्या द्रवाचा रंग का टिपून ठेवतात, 'सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) थोडा वाढला आहे' या वाक्याने घाबरायचे की नाही, असे प्रश्न या दिवसांत पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक रुग्णाची परिस्थिती वेगळी असल्याने उपचारांचा निर्णय अर्थातच त्याच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे.

या शस्त्रक्रियेत नेमके काय करतात आणि गुंतागुंत कोठे उद्भवते?

गाठ जठराच्या खालच्या भागात असेल तर जठराचा बराचसा भाग काढून वरचा थोडा भाग ठेवता येतो. गाठ वरच्या भागात असेल किंवा भिंतीतून पसरत गेली असेल तर संपूर्ण जठर काढावे लागते. त्याबरोबर जठराला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भोवतीच्या लसिकाग्रंथीही काढतात. त्यानंतर उरलेले जठर किंवा अन्ननलिका लहान आतड्याला जोडतात आणि बहुतेक पद्धतींत आद्यांत्राचे, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाचे, मोकळे तोंड कायमचे बंद करतात.

गुंतागुंतीच्या मुख्य जागा यातूनच ठरतात. नवा जोड सुटून गळती होऊ शकते, आद्यांत्राचे बंद केलेले तोंड उघडू शकते, आणि ग्रंथी काढताना स्वादुपिंडाच्या पृष्ठभागाला किंचित इजा झाली तर त्याचा पाचकरस पोटात झिरपू शकतो. रक्तस्राव, पोटात पू साचणे, जखमेत जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होणे आणि हृदयाचे ठोके अनियमित होणे याही गोष्टी घडतात. त्यांपैकी न्यूमोनिया आणि गुठळी पोटाच्या कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर होऊ शकते. गळती आणि स्वादुपिंडाचा रस हे मात्र या शस्त्रक्रियेचे खास धोके आहेत.

कोणती गुंतागुंत साधारण कोणत्या दिवशी दिसते?

रुग्णालयात शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरतात आणि फाईलमध्ये 'पीओडी १', 'पीओडी २' असे दिवस लिहितात. पहिल्या चोवीस तासांत मुख्य भीती रक्तस्रावाची असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत फुप्फुसांचा त्रास डोके वर काढतो, कारण पोट दुखत असल्याने रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि फुप्फुसाचा खालचा भाग बसतो. जोडाची गळती बहुधा तिसऱ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान उघड होते, क्वचित त्यानंतरही. स्वादुपिंडाच्या रसाची गळती पहिल्या दिवसापासून सुरू असू शकते, पण तिचे वाईट परिणाम दिसायला आठवडाभर लागू शकतो.

शेवटचा प्रकार सर्वांत फसवा. स्वादुपिंडाचा रस आणि जंतू मिळून जवळच्या रक्तवाहिनीची भिंत कुरतडतात, तेथे फुगा तयार होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कधी रुग्ण घरी गेल्यावर, तो फुटतो. त्याआधी बऱ्याचदा नळीतून किंवा उलटीतून थोडेसेच रक्त येते आणि आपोआप थांबते. या थोड्या रक्ताकडे 'थांबले ना आता' म्हणून दुर्लक्ष करणे ही जिवावर बेतणारी चूक ठरू शकते; त्याच वेळी रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करून फुगा सापडला, तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून तो आतून बंद करता येतो.

'गंभीर' गुंतागुंत कशाला म्हणतात?

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेली क्लेव्हियन-डिंडो वर्गवारी आज जगभर वापरतात. किती उपचार करावा लागला, यावर तिची श्रेणी ठरते. साध्या औषधांवर भागले तर पहिली, प्रतिजैविके, रक्त किंवा शिरेतून पोषण द्यावे लागले तर दुसरी, दुर्बीण, सुई किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर तिसरी, अवयव निकामी होऊन अतिदक्षता विभागात न्यावे लागले तर चौथी, आणि मृत्यू ही पाचवी. तिसऱ्या श्रेणीपासून पुढच्या गुंतागुंतीला सामान्यतः गंभीर म्हणतात. त्यामुळे 'शंभरातल्या इतक्या रुग्णांना गुंतागुंत होते' असा आकडा कोणी सांगितला, तर त्यात कोणत्या श्रेणी मोजल्या आहेत हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच धोका सांगता येतो का?

काही प्रमाणात येतो. वय, हृदय आणि फुप्फुसांचे जुने आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान, संपूर्ण जठर काढावे लागणे आणि शेजारचा अवयवही काढावा लागणे यांमुळे धोका वाढतो. लठ्ठपणात, विशेषतः पोटाच्या आत चरबी जास्त असेल तर, स्वादुपिंड चरबीत बुडालेले असते आणि त्याला इजा होण्याची शक्यता वाढते.

जठराच्या कर्करोगात मात्र नेहमीची अडचण उलटी असते: रुग्ण खंगलेला असतो. गाठीमुळे अन्न पुढे सरकत नाही, दोन घासांत पोट भरते, उलट्या होतात. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटले असेल, स्नायू झडले असतील आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर जोड भरून येण्याची ताकद कमी असते. चालताना दम लागतो का, एक जिना चढता येतो का, खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठता येते का, हे साधे प्रश्न डॉक्टर विचारतात तेव्हा ते वेळ घालवत नसतात.

पोषणाची स्थिती एका आकड्यात मांडण्यासाठी जपानमध्ये १९८४ मध्ये ओनोदेरा यांनी एक निर्देशांक सुचवला. अल्ब्युमिनच्या आकड्याला (डेसिलिटरमागे ग्रॅम) दहाने गुणायचे आणि त्यात लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येचा दोनशेवा भाग मिळवायचा. आपल्याकडच्या प्रयोगशाळेच्या अहवालात पांढऱ्या पेशी ७,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के असे लिहिलेले असेल तर लिम्फोसाइट १,४०० झाल्या. त्यांचा दोनशेवा भाग ७. अल्ब्युमिन ३.२ असेल तर ३२ आणि ७ मिळून निर्देशांक ३९ येतो. ओनोदेरांनी मूळ मांडणीत ४० पेक्षा कमी निर्देशांक असताना आतडे कापून जोडणे टाळावे असे म्हटले होते. आज इतका कडक नियम कोणी पाळत नाही, पण असा आकडा दिसला की पोषणतज्ज्ञाला बोलावणे क्रमप्राप्त ठरते.

अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या संघटनेने तयार केलेले धोका मोजण्याचे संगणकीय साधन आणि जपानच्या राष्ट्रीय नोंदणीवर आधारलेले साधनही उपलब्ध आहे. ती ज्या रुग्णांच्या माहितीवर बेतलेली आहेत ते रुग्ण अमेरिकेतले किंवा जपानमधले आहेत, हे विसरता कामा नये. विदर्भातल्या एखाद्या तालुक्यातून उशिरा निदान होऊन, वजन घटवून आलेला रुग्ण त्या माहितीत फारसा सापडणार नाही.

अल्ब्युमिन कमी आहे म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. तेवढ्यात कर्करोग वाढणार नाही का?

ही भीती स्वाभाविक आहे. पण कुपोषित शरीरावर घाईने केलेली शस्त्रक्रिया जोड सुटण्याला आमंत्रण देते, आणि जोड सुटला की पुढचे सर्व उपचार कित्येक आठवडे लांबतात. म्हणून तीव्र कुपोषण असेल तर एक ते दोन आठवडे नाकातून आतड्यात घातलेल्या बारीक नळीने, तोंडाने किंवा शिरेतून पोषण देऊन मग शस्त्रक्रिया करणे शहाणपणाचे मानतात. वाढलेल्या अवस्थेतील अनेक रुग्णांना आधी केमोथेरपी दिली जाते. तो काळही पोषण सुधारण्यासाठी वापरता येतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे होण्याचा काळ, सुमारे वीस दिवसांचे असते, त्यामुळे आठवडाभर चांगले पोषण दिले तरी तो आकडा फारसा हलत नाही. शिवाय शरीरात दाह असेल तर खाणेपिणे ठीक असूनही अल्ब्युमिन घटते. बाटलीतून अल्ब्युमिन चढवून अहवाल 'सुधारणे' म्हणजे पोषण सुधारणे नव्हे. या काळात बिडी-सिगारेट पूर्ण बंद करावी, रोज चालावे आणि तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्यावा. पोटाला टाके पडल्यावर तो नव्याने शिकणे फार कठीण जाते.

सीआरपी रोज का तपासतात? तो वाढला म्हणजे जंतुसंसर्ग झाला का?

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. शरीराला कोठेही इजा झाली किंवा जंतुसंसर्ग झाला की काही तासांत ते वाढू लागते. शस्त्रक्रिया ही स्वतःच मोठी इजा आहे, त्यामुळे प्रत्येक रुग्णाचा सीआरपी वाढतोच. तो साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी शिखरावर पोहोचतो आणि सर्व सुरळीत असेल तर तेथून उतरू लागतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे एकोणीस तासांचे असल्याने, दाह थांबला की दररोज तो ठळकपणे खाली यायला हवा. पहिल्या दिवशीचा १२० पाहून घाबरणे जितके चुकीचे, तितकेच पाचव्या दिवशी १६० वरून १८० झालेला पाहून 'शस्त्रक्रियेमुळे असेल' म्हणणे चुकीचे आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिटरमागे सुमारे १५० मिलिग्रॅम ही सीमारेषा बरेच शल्यचिकित्सक मनाशी धरतात. मूल्य त्यापेक्षा बरेच कमी असेल आणि उतरत असेल, तर पोटात मोठी गळती असण्याची शक्यता खूप कमी होते. तोंडाने आहार वाढवणे, नळी काढणे आणि घरी सोडणे याबाबत धीर येतो. मूल्य जास्त असेल तर मात्र खात्रीने काहीच सांगता येत नाही. ती गळती असेल, न्यूमोनिया असेल, हाताच्या शिरेतल्या सुईजवळची सूज असेल, किंवा काहीच नसेल. म्हणजे सीआरपी निश्चिंत करण्यात जितका तरबेज आहे तितका आरोप करण्यात नाही, आणि ही गोष्ट नातेवाइकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितली तर पुढचा बराचसा मनस्ताप वाचतो.

आणखी काही बारकावे आहेत. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सीआरपी मुळातच कमी वाढतो. उलट्या होऊ नयेत म्हणून भूल देताना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले असेल तर तो दबतो. यकृत खराब असेल तर तो हवा तितका तयारच होत नाही. एककाचाही घोटाळा होतो: एखादी प्रयोगशाळा डेसिलिटरमागे मिलिग्रॅम असे देते, तेथे १५ म्हणजेच दुसऱ्या प्रयोगशाळेतले १५०. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवताना हे नीट पाहावे.

प्रोकॅल्सिटोनिन ही तपासणी जंतुसंसर्गाकडे अधिक नेमके बोट दाखवते, पण ती महाग आहे. प्रत्येकाची रोज करण्यापेक्षा शंका आल्यावर केली तर पैसे सार्थकी लागतात.

पोटातल्या नळीतून काय कळते?

पुष्कळ कळते, पण रोज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तरच. या नळीतला, म्हणजे ड्रेनमधला, द्रव पहिल्या दिवशी लालसर असतो, मग फिकट गुलाबी आणि पुढे पिवळसर पाण्यासारखा होतो. तो पुन्हा ताजा लाल झाला तर रक्तस्राव, हिरवट-पिवळा झाला तर पित्त, म्हणजे आद्यांत्राच्या तोंडाची किंवा जोडाची गळती समजतात. गढूळ व दुर्गंधीयुक्त झाला तर पू, आणि आहार सुरू झाल्यावर दुधासारखा पांढरा झाला तर लसिकावाहिनीची गळती असण्याची शक्यता असते. जुन्या रेड वाइनसारखा मळकट तांबडा रंग स्वादुपिंडाच्या रसाची शंका निर्माण करतो.

रंग फसवू शकतो म्हणून द्रवातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातले एक पाचकद्रव्य, तपासतात. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातल्या अमायलेजच्या वरच्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर स्वादुपिंडाचा रस झिरपत आहे असे आंतरराष्ट्रीय व्याख्या सांगते. २०१६ मध्ये या व्याख्येत महत्त्वाचा बदल झाला: केवळ आकडा वाढला पण रुग्णाला काहीही त्रास नाही आणि उपचारही बदलावा लागला नाही, तर त्याला फिस्टुला (रस झिरपत राहण्याची वाट) न म्हणता 'जैवरासायनिक गळती' म्हणायचे ठरले. अनेक शल्यचिकित्सक पहिल्याच दिवशी अमायलेज पाहतात. ते कमी असेल तर नळी लवकर काढतात आणि फारच जास्त असेल तर ती जागेवर ठेवून रुग्णावर अधिक लक्ष ठेवतात.

नळीतून काहीच येत नाही, हे मात्र शुभलक्षण मानू नये. ती गुठळीने बंद झालेली असू शकते किंवा सरकून चुकीच्या जागी गेलेली असू शकते. बाटली भरते तशी रात्रपाळीत रिकामी केली जाते आणि किती व कसा द्रव होता हे लिहायचे राहून जाते. असे दोनदा झाले की त्या नळीचा सुगावा देण्याचा उपयोग संपलाच.

ताप नाही, रुग्ण बोलतो आहे. तरीही डॉक्टर चिंतेत का आहेत?

कारण ताप हा बऱ्याचदा उशिरा येणारा पाहुणा असतो. पोटात गळती सुरू झाल्यावर आधी नाडी वाढते आणि श्वास जलद होतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज' ही गुणपद्धती याच गोष्टींना गुण देते: श्वासाचा वेग, रक्तातील प्राणवायू, बाहेरून प्राणवायू दिला जातो आहे का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान.

समजा, चौथ्या दिवशी सकाळी रुग्णाची नाडी ११२ आहे, श्वास मिनिटाला २२, प्राणवायू ९५ टक्के, रक्तदाब ११८ आणि तापमान ३७.६ अंश सेल्सियस. वेगवेगळे पाहिले तर एकही आकडा घाबरवणारा नाही; सिस्टर 'सगळं ठीक आहे' म्हणून पुढच्या खाटेकडे जाऊ शकतात. पण नाडीचे २, श्वासाचे २ आणि प्राणवायूचा १ मिळून ५ गुण होतात, आणि ५ गुणांवर डॉक्टरांनी तातडीने येऊन तपासावे असे ही पद्धत सांगते. ७ किंवा अधिक झाले तर ती आणीबाणी समजतात. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ती घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजण्याची शिस्त. आपल्या वॉर्डांत तक्त्यावर श्वासाचा आकडा अंदाजाने लिहिण्याची सवय आहे. पानभर प्रत्येक रुग्णाचा श्वास २०च लिहिलेला दिसला, तर तो कोणीही मोजलेला नाही असे खुशाल समजावे.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी गळती होऊनही फार वाढत नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांना ताप येत नाही. सत्तरीपुढच्या रुग्णात पहिले लक्षण म्हणजे रात्री असंबद्ध बोलणे, नळ्या ओढणे, घरच्यांना न ओळखणे असू शकते, आणि त्याला 'म्हातारपण' म्हणून झोपेचे औषध देण्याआधी पोटाचा विचार व्हायला हवा. हृदयाचे ठोके अचानक अनियमित झाले, न थांबणारी उचकी लागली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखू लागले, तरीही मध्यपडद्याखाली काही साचले आहे का हे पाहावे लागते.

सीटी स्कॅनमध्ये गळती दिसली नाही. आता निश्चिंत राहावे का?

पूर्ण नाही. छोटी गळती स्कॅनमध्ये किंवा औषध गिळायला लावून घेतलेल्या एक्स-रेमध्ये निसटू शकते, विशेषतः तपासणी सुरुवातीलाच केली असेल तर. त्यामुळे लक्षणे नसलेल्या प्रत्येक रुग्णाची ठरावीक दिवशी अशी तपासणी करण्याची प्रथा मागे पडली आहे. उलट, नाडी, श्वास आणि सीआरपी तिन्ही वर जात असतील आणि स्कॅन 'नॉर्मल' असेल, तर विश्वास रुग्णाच्या अवस्थेवर ठेवावा, चोवीस तासांत स्कॅन पुन्हा करावा किंवा अनुभवी हातांनी दुर्बीण घालून जोड पाहावा.

संगणकीय मॉडेल किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम अधिक चांगले करते का?

अलीकडे अशी बरीच मॉडेल प्रसिद्ध होत आहेत. वय, वजन, अल्ब्युमिन, शस्त्रक्रियेचा प्रकार, लागलेला वेळ, रक्तस्राव आणि पहिल्या तीन दिवसांतले रक्ताचे अहवाल एकत्र करून ती गंभीर गुंतागुंतीची शक्यता टक्क्यांत सांगतात. एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा अनेक गोष्टी एकत्र पाहणे केव्हाही बरे. पण अचूकतेच्या दाव्यांकडे थोडे गणित करून पाहावे.

केवळ हिशेबासाठी असे धरू की १०० रुग्णांपैकी १० जणांना गंभीर गुंतागुंत होणार आहे आणि मॉडेल दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. म्हणजे त्या १० पैकी ८ जणांना ते बरोबर हेरेल आणि २ निसटतील. उरलेल्या ९० पैकी ७२ जणांना 'सुरक्षित' म्हणेल, पण १८ जणांना उगीच धोक्यात दाखवेल. धोक्याचा शिक्का बसलेल्या २६ जणांपैकी खरोखर धोक्यात असलेले ८, म्हणजे तिघांतला एकही पूर्ण नाही. 'सुरक्षित' म्हटलेल्या ७४ पैकी ७२ जण मात्र खरोखर सुरक्षित निघतात. म्हणून अशा मॉडेलचा खरा उपयोग कोणाकडे जास्त लक्ष द्यायचे आणि कोणाला लवकर मोकळे करायचे हे ठरवण्यात आहे. केवळ त्याच्या सांगण्यावरून पोट पुन्हा उघडण्यात नाही.

कोणत्याही मॉडेलबद्दल तीन प्रश्न विचारावेत. ते तयार झाले त्या रुग्णालयाबाहेरच्या रुग्णांवर तपासले आहे का? ते '३० टक्के शक्यता' म्हणते तेव्हा प्रत्यक्षात शंभरातल्या तीसेक जणांनाच त्रास होतो का? आणि त्याला लागणारी माहिती तिसऱ्या दिवशी सकाळी खरोखर हाताशी असते का? सातव्या दिवसाचा अहवाल वापरून आठव्या दिवशीची गळती ओळखणाऱ्या मॉडेलला भाकीत म्हणणे धाडसाचे ठरेल.

लवकर कळल्याने प्रत्यक्षात काय बदलते?

२००९ मध्ये अमेरिकेतील घाफेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ८४ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत २६.९ टक्के आणि सर्वांत जास्त मृत्युदराच्या रुग्णालयांत २४.६ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली होती, म्हणजे जवळजवळ सारखीच. फरक पुढे होता: मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २१.४ टक्के दगावले. चांगल्या रुग्णालयातही जोड सुटतात. तेथे ते वेळेवर ओळखले जातात आणि पुढचे काम लगेच होते.

ते काम म्हणजे तोंडाने आहार थांबवणे, प्रतिजैविके, साचलेला द्रव सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने सुईनळीने बाहेर काढणे, दुर्बिणीतून जोडावर झाकलेला स्टेंट बसवणे किंवा शोषण यंत्र लावणे, आणि आतड्यात घातलेल्या नळीतून पोषण चालू ठेवणे. वेळेवर हे झाले तर अनेक रुग्ण पुन्हा शस्त्रक्रिया न होता बरे होतात. उशीर झाला, पोटभर पू पसरला आणि रक्तदाब घसरला की शस्त्रक्रियेवाचून पर्याय उरत नाही, आणि त्या वेळी शरीर ती सोसण्याच्या स्थितीत नसते.

रुग्णालय निवडताना काय विचारावे?

ही शस्त्रक्रिया येथे नियमित होते का, रात्री अतिदक्षता विभागात ज्येष्ठ डॉक्टर असतात का, आणि रविवारीसुद्धा सीटी स्कॅन, रेडिओलॉजीतून नळी घालण्याची सोय आणि रक्तपेढी चालू असते का, हे विचारावे. अनुभवाचे महत्त्व नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीने दाखवले. १९९५ मध्ये तिचे सुरुवातीचे निष्कर्ष आले तेव्हा अधिक ग्रंथी काढलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १० टक्के होते आणि मर्यादित ग्रंथी काढलेल्यांत ४ टक्के. तेव्हा प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूटही बऱ्याच जणांचे काढले जात होते आणि अनेक शल्यचिकित्सकांना ही शस्त्रक्रिया नवी होती. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मात्र अधिक ग्रंथी काढलेल्या गटात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. जपानमध्ये याच पद्धतीच्या शस्त्रक्रियांच्या मोठ्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी राहिले. शस्त्रक्रिया तीच, पण करणारे हात आणि नंतरची निगा वेगळी.

खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाने काय पाहावे?

काल रुग्ण कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारत होता आणि आज उठायलाच तयार नाही, हे नातेवाइकाला डॉक्टरांच्या आधी कळते. नव्याने धाप लागणे, पोट फुगणे, सरत असलेला वारा थांबणे, लघवी कमी होणे, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढणे, नळीचा रंग बदलणे आणि 'काहीतरी बरं वाटत नाही' असे रुग्णाने स्वतः म्हणणे या गोष्टी लगेच सांगाव्यात. 'डॉक्टरांना उगाच त्रास कशाला' हा संकोच येथे उपयोगाचा नाही. त्याचबरोबर, 'अशक्तपणा आला आहे' म्हणून परवानगीशिवाय घरून आणलेले सूप किंवा नारळपाणी पाजू नये.

घरी आल्यावर किती दिवस सावध राहावे?

पहिला महिना. ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणे, उलटीत किंवा शौचावाटे रक्त अथवा डांबरासारखी काळी शौच, नळी काढलेल्या जागेतून द्रव वाहणे, एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. गावी परत जाणाऱ्या रुग्णाने डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि रुग्णालयाचा रात्रीही लागणारा फोन क्रमांक जवळ ठेवावा. गावातल्या डॉक्टरांना पोटात कोणता जोड केला आहे हे कळले तर ते साध्या ॲसिडिटीचे औषध देऊन परत पाठवणार नाहीत. गुठळी टाळण्यासाठी पोटात टोचायची इंजेक्शने चार आठवड्यांपर्यंत लिहून दिलेली असतील, तर बरे वाटू लागले म्हणून मध्येच थांबवू नयेत.

जेवणानंतर अर्ध्या तासात घाम फुटणे, धडधडणे आणि पोटात मुरडा येणे हा बहुधा डंपिंगचा त्रास असतो. थोडे थोडे, कमी गोड आणि जेवताना पाणी न पिता खाल्ले की तो बराच कमी होतो. काही आठवड्यांनी घास अडकू लागला तर जोड आक्रसलेला असू शकतो आणि तो दुर्बिणीतून फुग्याने रुंद करता येतो. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात.

गुंतागुंत झाली तर पुढच्या केमोथेरपीचे काय?

ती सहसा लांबते, आणि काही रुग्णांना ती पूर्ण करताच येत नाही. पोटातल्या जंतुसंसर्गाची गंभीर गुंतागुंत झालेल्यांत कर्करोग परत येण्याचे प्रमाण जास्त आढळल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसते. केमोथेरपीला झालेला उशीर, दीर्घकाळ राहिलेला दाह आणि खालावलेले पोषण यांपैकी कशाचा किती वाटा, हे वेगळे काढणे कठीण असते. म्हणून गळती भरून येत असतानाच वजन, आहार आणि चालणे-फिरणे यांकडे लक्ष द्यावे आणि कर्करोगतज्ज्ञांची भेट 'पूर्ण बरे वाटल्यावर' अशी मोघम न ठेवता, डिस्चार्जच्या वेळीच तिची तारीख ठरवून घ्यावी. त्या दिवशी औषध सुरू करायचे की आणखी दोन आठवडे थांबायचे, हे वजन, रक्ताचे अहवाल आणि रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू शकतो का, हे पाहून तज्ज्ञ ठरवतील.